ब्रेक लावला होता का?

“ब्रेक लगाया था?” परभणीहून चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांनी विचारलं.

हिंगोलीच्या दवाखान्यात खाटेवर पडलेल्या धावजी हमालानं मान हलवली. “न्हाई साहेब.”

“बस. मामला साफ है,” असं म्हणून साहेब उठले. आमचे इंजिनियर बर्वेसाहेब त्यांच्या मागोमाग बाहेर पडले. चौकशी तेवढ्यात आटोपली.

मी तेव्हा हिंगोलीच्या एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत फिटर होतो. लढाईचे दिवस होते, मालगाडीचे डबे सहजी मिळत नसत. रुईच्या गाठी प्रेसपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत न्यायला आमच्याकडे एक ट्रॉली होती. तिच्या चाकांचं मला सगळं शिकवलं ते बर्वेसाहेबांनीच. जमिनीवर बसून, हात काळे करून शिकवलं. चाक म्हणजे नुसतं गोल. त्याला दोन्ही बाजूंनी धरतो तो फोर्क. चाकातून आरपार जातो तो ॲक्सल. फोर्कच्या वरची चपटी पाटी ट्रॉलीच्या तळाला बोल्टनं बसते, ती प्लेट. प्लेट आणि फोर्क यांच्यात छर्रे असले की चाक हवं तिकडं वळतं, ते स्विव्हल. छर्रे नसले की फिक्स. या सगळ्या जोडणीला म्हणायचं कॅस्टर. ब्रेकचे भाग दोन. पायानं दाबायचं पेडल, आणि पेडल दाबलं की चाकाला घट्ट चिकटणारा रबराचा ठोकळा. माणूस शिकवायला फार चांगला होता.

हमालांना ही नावं कुणी सांगितली नव्हती. ते कॅस्टरला फिरकी म्हणत आणि ब्रेकला खुट्टी.

त्या मोसमात ब्रेकचे रबर झिजून संपले. मुंबईहून नवे कॅस्टर आले, पण बिनब्रेकचे. डब्याकडं जाणारा रस्ता उताराचा. मी बर्वेसाहेबांना म्हणालो, “हे उतारावर नका वापरू. गाडी धरणार कोण?”

“डबा मिळालाय, किशन. आज भरला नाही तर परत कधी मिळेल, सांगता येत नाही. मालक ऐकणार नाहीत. चाकाखाली लाकडाचा गुटका लावायला सांग.”

दुपारी उतारावर सरकी सांडलेली होती. गुटका सरकला. धावजी पुढून गाडी धरायला गेला आणि गाठीसकट ट्रॉली त्याच्या पायावर आली. सेनगावकडच्या तांड्यावरचा माणूस, पाठीवर गाठ तोलावी तर त्यानंच. आम्ही त्याला बाहेर काढला तेव्हा गुडघ्याखाली पायाचा आकारच उरला नव्हता.

साहेब खोलीतून गेल्यावर मी धावजीला विचारलं, “ब्रेक लावला न्हाई असं काहून सांगितलं?”

“ब्रेक मंजी काय, मिस्त्री?”

“खुट्टी.”

“खुट्टी? ती हायेच कुठं नव्या फिरकीला? गुटका लावलाता मी. बराबर लावलाता.”

मी तसाच फॅक्टरीत धावलो. साहेब ऑफिसात चहा घेत होते. म्हणालो, “हुजूर, त्या ट्रॉलीला ब्रेक नव्हताच. चला, दाखवतो.”

साहेब आले. बर्वेसाहेब आले. ट्रॉली शेडमध्ये उभी होती आणि तिला जुने कॅस्टर बसवलेले होते, पेडलवाले. बोल्टांना ताजं ग्रीस होतं. साहेबांनी बुटानं पेडल दाबलं. खट्ट वाजलं.

“है तो सही!”

“हुजूर, नुसतं पेडल आहे. रबर नाही आत. गाडी ढकलून बघा.”

“ब्रेक है, या नहीं है?” साहेबांनी बर्वेसाहेबांना विचारलं.

बर्वेसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. “आहे,” म्हणाले. “लावायचा असतो. हमाल लोक लावत नाहीत.”

मी स्वतः ट्रॉलीला हात घातला. ती सरकलीही. पण तोवर साहेबांनी पाठ फिरवली होती.

धावजीचा पाय कापला. चूक त्याचीच ठरली, म्हणून मालकानं त्याच्या घरच्यांना दारातही उभं केलं नाही. तांड्यावरून बैलगाडी आली आणि त्याला घेऊन गेली. गाडीत चढवताना त्यानं मला एवढंच विचारलं, “मी न्हाई म्हनलो तेच्यानं झालं का हे?” मी “नाही” म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही.

आठ दिवसांत मलाही काढलं. कारण सांगितलं, वरिष्ठांसमोर उद्धटपणा. बर्वेसाहेब गेटपर्यंत आले होते. “तुला नोकरी कुठंही मिळेल, किशन. तुला काम येतं,” म्हणाले.

नोकरी मिळाली, पुढं बऱ्याच मिळाल्या. जिथं गेलो तिथं आधी हमालांना बसवून भागांची नावं सांगितली, इंग्रजीतली, साहेब लोक बोलतात तीच. काही मालकांना ते आवडलं नाही. यंत्र चालवायला नावं लागत नाहीत, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. नावं लागतात ती चौकशीत.