काळा, पिवळा आणि दोन लाल पट्टे

बोईसरच्या ज्ञानेश्वरी भामरेला तिच्या चाळीत कोणी आर्टिस्ट म्हणत नाही. लेबलवाली म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. वडील जळगावकडून नोकरीसाठी इकडे आले, ही इथेच वाढली आणि आठ वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रसायनांच्या पिंपांवरची लेबलं करत राहिली. ज्वाळा, कवटी, हातमोजे. कारखान्याने ते काम बाहेर दिलं तेव्हा तिने घरीच कॉम्प्युटर मांडला. आता ती साबण करणाऱ्यांचे, मातीचे दागिने घडवणाऱ्यांचे, रांगोळीचे साचे विकणाऱ्यांचे लोगो करते. गिऱ्हाइकं एकेक नमुना. एकाला लोगोत गणपतीही हवा असतो, चिकूही हवा असतो आणि वर मोबाइल नंबरही. ज्ञानेश्वरी सगळं शांतपणे ऐकून घेते आणि त्यातलं निम्म्याहून जास्त गाळून टाकते.

तिचा एक नियम आहे. लोगो आधी काळ्या-पांढऱ्यात दाखवायचा. रंग दिसले की माणसं रंगांवर भाळतात, आकाराकडे बघतच नाहीत. आकार पसंत पडला की रंग ती स्वतः भरते, ते कुणाला विचारत नाही. या नियमाचा तिला भारी अभिमान होता. गेल्या डिसेंबरपर्यंत तरी होता.

डिसेंबरात दांडी या मच्छीमारांच्या गावातल्या साखरबाईंचं काम आलं. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, होडी विकलेली. किनाऱ्यावर टाकून दिलेल्या फाटक्या जाळ्यांपासून साखरबाई पिशव्या विणायच्या, सोबत गावातल्या पाच बायका. पालघरच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं. त्यांचं मागणं एवढंच होतं, "पोरी, पिशवी लांबून बगितली तरी कळलं पायजे, ही आमची हाय."

ज्ञानेश्वरी दांडीला जाऊन फोटो काढून आली. वाळूत जाळी तरंगती ठेवणाऱ्या बोयांचा ढीग पडला होता आणि त्यात खोचलेला एक बावटा, म्हणजे जाळ्यावर लावतात तो झेंडा, तिला फारच आवडला. काळं त्रिकोणी कापड, मधे पिवळा गोल, खाली दोन लाल पट्टे. तिने तोच आकार घेऊन आत विणीच्या रेघा काढल्या आणि नेहमीसारखा काळ्या-पांढऱ्यात दाखवला. साखरबाई खूश झाल्या. मग तिने फोटोतलेच रंग भरले आणि दोनशे कापडी लेबलं छापून घेतली.

प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना ती पाकीट घेऊन दांडीला गेली. साखरबाईंनी एक लेबल हातात घेतलं आणि पटकन पदराखाली झाकलं.

"हे कोणी बगितलं तर नाय ना?"

"का? काय झालं?"

"अगं, ही जिवल्याची खूण. त्याच्या बापापासनं."

मग ज्ञानेश्वरीला कळलं. समुद्रात कुठलं जाळं कोणाचं, ते त्यावरच्या रंगांवरून ओळखायचं. आकार सगळ्यांचे सारखेच, खूण असते ती रंगांची. "ही पिशवी घेऊन मी बाजारात उबी रायले, तर लोक काय बोलतील? साकरबाईनं जिवल्याचं जाळं कापलं." आणि दुसऱ्याचं जाळं कापणाऱ्याला त्या गावात कोणी दारात उभं करत नाही.

ज्ञानेश्वरीचं तोंड एवढंसं झालं. आठ वर्षं कवटीच्या लेबलात तिची एकदाही चूक झाली नव्हती.

"तुमची स्वतःची खूण कुठली?" तिने विचारलं.

"नवऱ्याची होती. होडीसंगं गेली. बाईची कुटं खूण असते?"

"नवी कशी घेतात?"

"किनाऱ्यावर सगळ्यांना दाकवायची. कोणाचीच नसली तर आपली. पण बाईनं कोणी दाकवली नाय आजपावत."

दुसऱ्या दिवशी दुपारी होड्या लागल्यावर दोघी किनाऱ्यावर गेल्या. ज्ञानेश्वरीने चार कागद आणले होते, या वेळी रंगवून. आधी ती लेबल घेऊन थेट जिवल्याकडे गेली आणि आपली चूक सांगून टाकली. जिवल्या सत्तरीचा, सगळ्या होडीवाल्यांत जुना. त्याने लेबल उलटसुलट करून पाहिलं. "काडलीस बाकी झकास," तो म्हणाला आणि लेबल खिशात घातलं. बाकीची सगळी जाळून टाकायला सांगितली.

मग कागद निघाले. पहिला बघून जमलेल्या होडीवाल्यांतले चौघं एकदम म्हणाले, देवूची. दुसरा तात्याच्या खुणेच्या फार जवळ जात होता. तिसरा जिवल्याने लांब, सुकत घातलेल्या मासळीपाशी नेऊन धरायला लावला. "दिसत नाय. दर्यात दिसत नाय ती खूण कसली?" इतकी चोख परीक्षा कुठल्याच गिऱ्हाइकाने घेतली नव्हती, हे ज्ञानेश्वरीने मनातल्या मनात मान्य केलं.

चौथ्या कागदावर पांढऱ्यावर जांभळा आडवा पट्टा होता आणि त्यात पांढरी गाठ. जांभळा कोणाचाच नव्हता. मासळीपाशी धरला तरी स्पष्ट दिसत होता. मागून कोणीतरी हसलं, "खूण घेऊन बाय होडी काडणार हाय काय?"

साखरबाईंनी मान खाली घातली. ज्ञानेश्वरीला असा राग आला, पण हा किनारा तिचा नव्हता.

जिवल्या त्या हसणाऱ्याकडे वळला. "फाटलेलं जाळं तू टाकलंस ना? मग ते तुजं रायलं नाय. तिनं उचललं, म्हंजे तिचं. आनि ज्याचं जाळं त्याची खूण." मग त्याने कागद डोक्यावर धरला आणि होड्यांकडे तोंड करून ओरडला, "जांबळी खूण साकरवयनीची! दुसऱ्या कोणी लावायची नाय!"

दोन-चार होड्यांवरून होकार आले. बाकीचे आपापल्या कामाला लागले. चार दिवसांतला एक गेला होता, छापखान्याला आजच फोन करायला हवा होता. ज्ञानेश्वरी मोबाइल काढत होती, तेवढ्यात तिचं साखरबाईंकडे लक्ष गेलं. त्या कागद छातीशी धरून उभ्या होत्या आणि रडत होत्या.

"काय झालं, मावशी?"

"काय नाय गं," साखरबाई म्हणाल्या. "इतकी वर्सं या किनाऱ्यावर माजं म्हणून कोणी चोरावं असं कायच नव्हतं. आता हाय."