सहाशे चौदाचा बोल्ट

रात्रभर घोंघावणारा दक्षिणेचा वारा पहाटे एकदम पडला आणि मागे कडक दहिवर ठेवून गेला. सलगमाच्या वावरात पाय टाकला की बुटाखाली पापड मोडल्यासारखा आवाज होत होता. डुगल्ड केर्न्सनं विजेच्या कुंपणाच्या काठ्या उपटल्या, दहा पावलं पुढं रोवल्या, तार ओढली, तशा गाई पुढच्या तुकड्यावर तुटून पडल्या. जमीन इतकी गोठलेली की एकेका काठीला टाचेचे तीन-तीन दणके द्यावे लागले. एकाहत्तर वर्षांचा गडी, पण हिवाळ्यात हे काम त्यानं कधी दुसऱ्याला करू दिलं नाही. गाई कराकरा कंद फोडायला लागल्या, आणि तो नाकाचं पाणी बाहीला पुसत घराकडं वळला. धुणीघरातल्या बाकावर रायफल खोलून ठेवलेली होती. तीन आठवडे ती त्याला दाद देत नव्हती.

आमच्या भागात, जगाच्या पार दक्षिण टोकाला, घरटी एखादी बंदूक असतेच, सशांसाठी. पण कागदावरच्या ठिपक्याला मधोमध भोक पाडायचं वेड आम्हा पंधरा-वीस जणांनाच. हिवाळ्यातल्या दर मंगळवारी संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये, आमच्या नेमबाजी क्लबात जमायचं, चटईवर पालथं पडायचं, पंचवीस यार्डांवर टांगलेल्या कार्डावरच्या दहा ठिपक्यांत दहा गोळ्या मारायच्या, शंभरातले किती पडले ते बघायचं, आणि मग चहा नि चीज रोल. नेमबाजीच्या नव्या रायफलीची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. त्यामुळं क्लबात कुणी नवखं आलं की आम्ही डुगल्डला सांगायचो, "बघ रे, एखादी स्वस्तातली."

डुगल्ड शोधून काढायचाच. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या माळ्यावर धूळ खात पडलेली पॉइंट टू-टूची बारीक नळीची रायफल. नळीतून उजेडाकडं बघायचा, नळीच्या तोंडावरून करंगळीचं नख फिरवायचा आणि म्हणायचा, "हिच्यात जीव आहे." घरी आणून आधी नळीत बसलेलं वर्षानुवर्षांचं शिसं काढायचं. मग लोखंड लाकडी दस्त्यात डुगडुगू नये म्हणून खाली राळेची गादी ओतायची. स्क्रू सारखे आवळायचे. चाप हलका करायचा. शेवटी चार-पाच तऱ्हांची काडतुसं मारून बघायचं, कारण प्रत्येक रायफलीची आवड वेगळी. एकीला जे गोड लागतं ते दुसरी थुंकून टाकते. दोन महिन्यांत ते भंगार एका भोकात गोळ्या घालायला लागायचं. "डुगल्डचा हात लागला," असं आम्ही म्हणायचो.

त्या हाताचं नाव झालं सत्याण्णव साली. त्या हिवाळ्यात त्याची स्वतःची जुनी रायफल अचानक उमलली. आदल्या वर्षी जिल्ह्याच्या संघात त्याचा विचारही झाला नव्हता, त्या वर्षी त्याला घेतलं. समुद्र ओलांडून देशाच्या उत्तर बेटावर जाऊन तो राष्ट्रीय सामने खेळून आला. हॉलमधल्या फळीवर सोनेरी अक्षरांत नाव लागलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, दस्त्यात गादी ओतली." संघात त्याच्यासाठी जागा झाली ती रेविन पॅटर्सनची. ती आमच्यातली सगळ्यांत पक्की नेमबाज. पण नेमक्या त्याच वर्षी तिचे गुण घसरले. आठ गोळ्या एका जागी, दोन खाली टपकलेल्या. तिची आणि डुगल्डची रायफल एकाच कारखान्याच्या, शाळेच्या छात्रसेनेनं काढून टाकलेल्या लॉटातून दोघांनी जोडीनं घेतलेल्या. बंदूक तीच, माणूस तेच, मग दोष कुणाचा? डोळ्यांचा, असं सगळ्यांनी ठरवलं. रेविननं हंगाम संपताच रायफल विकून टाकली, आणि तेव्हापासून ती आमची कार्डं तपासते.

आता बाकावर होती ती रायफल डुगल्डला पशुखाद्याच्या दुकानातल्या फळ्यावरची चिठ्ठी वाचून मिळालेली. आधीच्या मालकानं दस्ता करवतीनं आखूड केलेला, वर ट्रॅक्टरचा हिरवा रंग फासलेला.

नोला, त्याची बायको, पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "हे कुठलं ध्यान उचलून आणलंस? ह्याला कुणी दाराला अडसर म्हणूनसुद्धा लावणार नाही."

"आतून नळी बघ तिची. आरसा आहे आरसा."

"माझ्या खिडक्या बघ बाहेरून. त्यांचा आरसा कधी करणार?"

नळी खरंच आरशासारखी होती, म्हणून तर तो चक्रावला होता. सगळे उपाय करून झाले. तरी आठ गोळ्या एका जागी आणि दोन खाली. त्या सकाळी त्यानं बोल्ट खोलून रॉकेलात टाकला. बोल्ट म्हणजे मागची सरकती खिट्टी. काडतूस आत ढकलते, धरून ठेवते, आणि तिच्याच पोटातली टाचणी ठोका देते. तिच्यावर तिच्या रायफलीचाच आकडा कोरलेला असतो. मुठीच्या बुडाशी जमलेली काजळी त्यानं दातांच्या ब्रशानं घासली, आणि खालून आकडा वर आला. सहाशे अठ्ठावीस.

रायफलीच्या कागदावर आकडा होता सहाशे चौदा. आणि सहाशे अठ्ठावीस हा आकडा त्याला मुलांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ होता. तो त्याच्या स्वतःच्या रायफलीचा होता.

आमच्याकडं रायफल एका कपाटात कुलपात आणि तिचा बोल्ट दुसरीकडं ठेवायची रीत आहे. डुगल्डनं चादरींच्या कपाटावरचा पत्र्याचा डबा उघडला, आपला बोल्ट काढला, खिडकीशी नेला. सहाशे चौदा.

मग सगळं आठवलं. सत्याण्णवचा एप्रिल, आमच्याकडं हिवाळा तोंडावर आलेला. हंगामाआधी रेविन आपली रायफल देऊन गेली होती, "जरा साफ कर रे, तुझ्याबरोबर." त्यानं दोघांचे बोल्ट आइस्क्रीमच्या एकाच रिकाम्या डब्यात, एकाच रॉकेलात टाकले. तेवढ्यात नोला ओरडली की मेंढे कुंपण तोडून मेंढ्यांत शिरलेत. तासाभरानं घामाघूम होऊन तो परत आला, बोल्ट पुसले आणि हाताला लागला तो ज्या रायफलीत बसला त्या रायफलीत बसवला. दोन्ही हुबेहूब. आकडे बघायचं सुचलंही नाही.

तरी माणूस आशा धरतोच. दुपारी हॉलची किल्ली घेऊन तो एकटा गेला. सहाशे चौदाच्या रायफलीत सहाशे चौदाचा बोल्ट घातला. दहाच्या दहा गोळ्या करंगळीच्या नखाएवढ्या एका भोकात. मग आपली रायफल, आपलाच बोल्ट. आठ एका जागी. दोन खाली.

कारण त्याला लगेच उमगलं. ह्या काडतुसाला ठोका मधे बसत नाही, कडेला बसतो. बोल्टनं ती कड घट्ट दाबून धरली तर ठोका पुरा. कागदाएवढी फट राहिली तर कधी पुरा, कधी अर्धा, आणि अर्धा बसला की गोळी खाली. त्याचा बोल्ट मुळातच ढिला होता. तो ढिला बोल्ट रेविनकडं गेला होता, आणि तिचा घट्ट बोल्ट घेऊन हा उत्तर बेटावर गेला होता.

नोलाला त्यानं त्याच दिवशी सांगितलं. ती बटाटे सोलत होती.

"सव्वीस वर्षं झाली," ती म्हणाली. "आता सांगून तिला काय मिळणार?"

"काही नाही."

"मग तुझं मन हलकं व्हावं म्हणून तिचं जड करणार? गप बोल्ट बदल आणि नवख्यांना देऊन टाक."

त्याला ते पटलं. पटलं म्हणजे सोयीचं वाटलं. मंगळवार आला. कॉल वारल्यापासून, म्हणजे रेविनचा नवरा गेल्यापासून, डुगल्डच तिला गाडीतून क्लबात आणायचा, तसं आणलं. त्याच्या रायफलीत अजून तिचाच बोल्ट होता. बदलावा तर आपले गुण पडणार, लोक विचारणार. त्यानं मारलं. रेविन दिव्याखाली बसली, एकेका भोकात तपासायची पितळी खुंटी घातली, भिंग लावलं.

"ही रेषेला लागलीय. दहा. नव्व्याण्णव झाले, हरामखोरा, म्हातारपणी काय खातोस?"

"नऊच धर गं ती."

"का म्हणून? डोळे माझे आहेत की तुझे?"

तिनं थट्टेनं म्हटलं. डुगल्डनं चीज रोल उचलला होता, तो तसाच बशीत ठेवला. मी शेजारीच उभा होतो. त्याला बरं नाही, एवढंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या घरी गेला. रेविन परसात कोंबड्यांचं खुराडं खरवडत होती.

"खत हवंय का? पोतं आणलंयस?"

"रेविन, तुझी रायफल सापडलीय."

"कुठली माझी?"

त्यानं सांगितलं. डबा, रॉकेल, मेंढे, आकडे, हॉलमध्ये एकट्यानं मारलेल्या वीस गोळ्या, आणि कालचे नव्व्याण्णवसुद्धा. खाली बघून सांगितलं. खरवडायचा आवाज कधी थांबला ते त्याला कळलं नाही.

"म्हणजे बंदूक होती," ती म्हणाली.

"हो."

"मी नव्हते."

"नव्हतीस."

"हॉलच्या पायरीवर तू मला काय म्हणाला होतास, आठवतं?"

आठवत होतं. डोळे गेले तुझे रेविन, मान्य कर, असं म्हणाला होता. वर खांद्यावर हात ठेवला होता.

"दुसरा कुणी म्हणाला असता तर मी शिव्या घातल्या असत्या," ती म्हणाली. "तू म्हणालास म्हणून मानलं. बंदुकीतलं तुला कळतं ना. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, काही झालेलं नाही बाई. मला वाटलं, त्याला काय कळतंय. अंधारात गाडी चालवायची सोडली मी त्या वर्षी. वाटलं, ठिपका दिसत नाही, उद्या रस्त्यावरचं माणूस दिसायचं नाही."

तिनं फावडं भिंतीला टेकवलं.

"माझी बहीण गेली तेव्हा फोन संध्याकाळी सहाला आला. शेवटचं चाललंय, ये म्हणाले. दोन तासांची वाट. कॉल बैलांच्या बाजाराला गेलेला. मी कोट घालून, किल्ली हातात घेऊन स्वयंपाकघरात बसले. उजाडेपर्यंत. इथून गाडी काढली तेव्हा ती जाऊन तीन तास झाले होते."

"मला माहीत नव्हतं, रेविन."

"तुला कसं माहीत असणार? मलाच माहीत नव्हतं की मला दिसतंय."

एक कोंबडी त्याच्या बुटाच्या नाडीला टोचत होती. त्यानं तिला हाकललं नाही. म्हणाला, "दस्ता नवा करून देतो. रायफल तुझी. बोल्टासकट."

"माझ्या खांद्याची वाटी गेल्या वर्षी बदलली, विसरलास? पालथी कुठं पडू? नवख्यांना दे ती."

"मग मी काय करू ते तरी सांग."

"ते पण मीच सांगू?" ती फावडं उचलून पुन्हा खरवडायला लागली. मग म्हणाली, "मंगळवारी सगळ्यांसमोर सांग. पायरीवर कुजबुजू नकोस. आत, दिव्याखाली उभा राहून."

त्यानं सांगितलं. चहाआधी, टोपी हातात घेऊन. एवढं बोललेला मी त्याला कधी ऐकला नव्हता. काही गाळलं नाही. पायरीवरचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं सांगितलं. बहिणीचं मात्र बोलला नाही. ते तिचं होतं. मला ते पुढं कधीतरी रेविनकडूनच कळलं.

जॉक मकिव्हर, ज्याला गप्प बसवत नाही, म्हणाला, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं तुझ्या हाताचं कौतुक केलं ते त्या मेंढ्यांचं करायला हवं होतं." दोघं-तिघं हसले. "आणि फळीवरचं नाव खोडायचं का?"

सगळ्यांनी रेविनकडं बघितलं.

"नाव राहू दे," ती म्हणाली. "येता-जाता त्याला दिसू दे."



मग नेहमीसारखी नेमबाजी झाली. डुगल्ड आपल्या बोल्टानं पालथा पडला. कार्ड रेविनपुढं गेलं. एक गोळी रेषेवर होती; लागली म्हटलं तर लागली. तिनं खुंटी घातली, भिंग लावलं, कार्ड दिव्याखाली धरून तिरकं केलं, पुन्हा भिंग लावलं.

"नऊ," ती म्हणाली. "ब्याण्णव." आणि वहीत लिहिलं.

हिरवा रंग खरवडलेली सहाशे चौदा त्या संध्याकाळी पेट्रोल पंपावर कामाला असणाऱ्या एका नव्या बाईनं मारली. जन्मात पहिल्यांदा बंदूक धरलेली, तरी पंच्याण्णव. ती उड्या मारत कार्ड सगळ्यांना दाखवत होती. रेविननं तिला कोपर कुठं टेकायचं ते दाखवलं, दोनदा. नंतर आत जाऊन बराच वेळ कप धुवत राहिली.

लोक पांगले. रेविन कोट घालून दाराशी आली.

"सोडतो ना तुला," डुगल्ड म्हणाला. विचारल्यासारखं म्हणाला.

"मग काय चालत जाऊ? पण वाटेत बोलू नकोस."

ती जाऊन गाडीत बसली. तिनं आतला दिवा लावला नाही. डुगल्डनं कोपऱ्यातला झाडू घेतला आणि चटयांच्या कडेनं सांडलेल्या पितळी पुंगळ्या एका बाजूला लोटायला लागला.