डावीकडचे खांब

माझ्या आक्काच्या डोळ्यांचा दाब पहिल्यांदा मोजला, तेव्हा उजव्या डोळ्यात चौतीस होता आणि डाव्यात एकोणतीस. एकवीसच्या आत असावा लागतो. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. जी नजर गेली ती परत येणार नाही, उरली आहे ती थेंबांनी राखायची, असं सरळ सांगून ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सख्खे भाऊ ना? तुम्हीही तपासून घ्या. रक्तात असतं हे." मी त्याच खुर्चीवर बसलो. माझा चौदा आणि पंधरा आला.

बाहेर रिक्षात बसताना आक्का म्हणाली, "बघ. खांब तू बी मोजलंतंस की. तुला काय झालं? काय बी न्हाय. म्हंजे ते समदं थोतांड."

"व्हय," मी म्हणालो.

ते खोटं होतं. मी खांब पुरे मोजले नव्हते.

आम्ही शिवाजी पेठेत वाढलो. दर शुक्रवारी आई आम्हा दोघांना अंबाबाईच्या देवळात न्यायची. आमच्या घरात एक गोष्ट सगळे सांगत: देवळातले खांब मोजायचे नाहीत. मोजून पुरे होत नाहीत आणि जो पुरे करतो त्याचे डोळे जातात. आक्कानं एकदा आईला विचारलं, "कुणाचं गेल्यात?" आई म्हणाली, "तुझं जातील, मग कळंल." आक्का तेव्हा बारा वर्षांची होती आणि मी नऊ. पुढच्याच शुक्रवारी आई दर्शनाच्या रांगेत असताना आक्कानं मला बाजूला ओढलं.

"मी उजवीकडचं मोजते, तू डावीकडचं. नुसतं दगडी धरायचं. लाकडी न्हाईत."

हे तिनं आधी ठरवलं हे बरोबरच होतं. त्या देवळात मोजणी चुकते ती अंधारामुळे कमी आणि नियम न ठरवल्यामुळे जास्त. काही खांब भिंतीत अर्धे रुतलेले आहेत. ते धरायचे की नाही, एवढ्यावरून दोन माणसांचे दोन आकडे येतात. आक्का म्हणाली, "अर्धा दिसला तरी आख्खा धरायचा." आज मी एका दूध संघाच्या भांडारात साठा मोजण्याचं काम करतो आणि मोजणीचा पहिला नियम मी तिच्याकडून शिकलो असं म्हणायला हरकत नाही.

मी सतरापर्यंत गेलो. अठराव्या खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. मी जवळ गेलो तशी तिनं मान वर केली. तिची दोन्ही बुबुळं पांढरी होती, पाण्यात पडलेल्या खोबऱ्यासारखी. ती माझ्याकडे पाहत नव्हती, पण म्हणाली, "कितवा रं बाळा?"

मी मोठ्यानं मोजत असेन. आता मला तसं वाटतं. तेव्हा वाटलं नाही. मी पळत महाद्वारापर्यंत आलो आणि आई येईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

घरी जाताना आई बिनखांबी गणपतीला थांबली. आक्का माझ्या कानात म्हणाली, "हितं मोजायचं कामच न्हाय," आणि स्वतःच्याच विनोदाला हसली. मग तिनं आपला आकडा सांगितला आणि माझा विचारला. मी तिच्यापेक्षा दोन कमी सांगितले. तिच्याएवढेच सांगितले असते तर तिला संशय आला असता. तिनं बेरीज केली. पुढे कित्येक वर्षं, कुणी त्या खांबांचा विषय काढला की ती माझ्याकडे बघून डोळा मिचकावायची.

बेचाळीस वर्षं मी हे कधी मनावर घेतलं नव्हतं. डॉक्टरांकडून आल्यापासून मात्र ते जागचं हलेना. एका आईची दोन मुलं, एका ताटातलं जेवण, एकच रक्त. दोघांत फरक काय म्हणून हिशेब मांडला की दरवेळी एकच ओळ उरायची. असल्या गोष्टी मी मानत नाही. बायकोला मी तसं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "मी कुठं विचारलंय?" दाढी करताना मी एक डोळा झाकून आरशात बघायला लागलो, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळ्यांनी सगळं स्वच्छ दिसायचं, आणि आक्काचं काहीतरी आपण ढापलं आहे असं वाटायचं.

गेल्या मार्गशीर्षात आक्का हातकणंगल्याहून आली. तिथंच तिचं सासर. दर्शनाला जाऊ या म्हणाली. त्या दिवशी तिला खरं सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. रांगेत सांगू, रांगेत वेळ असतो.

रांग दीड तास चालली. आक्कानं माझं कोपर धरलं होतं. काचबिंदूनं तिची बाजूची नजर गेली आहे. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं. दाराच्या चौकटी तिच्या खांद्याला लागतात. आम्ही आत शिरलो तेव्हा ती थबकली.

"खांब कुठं गेलं रं समदं?"

"हायत की. हितंच हायत."

"मला दिसंनात." तिनं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "वळून बघितला की एक येतोय. पुन्हा बघितलं की गेला. लांब तिकडं दिवा दिसतोय. बाकी काळं."

मी तिचा हात धरून जवळच्या खांबावर ठेवला. ती त्याच्यावरून तळवा फिरवत राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मावशी, पुढं चला की! खांबाचं दर्शन घेताय व्हय?"

"व्हय, घेतीय! तुला घाई असली तर वरनं जा," आक्का म्हणाली. लोक हसले. रांग हलली.

आता सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच बोलली. हळू बोलली, आणि तिला हळू बोलायची सवय नाही.

"नातीला कुणीतरी सांगितलंय हे खांबाचं. परवा मला विचारती, आज्जी, तू मोजलंतंस म्हणून तुझं डोळं गेलं का? मी म्हटलं, माझ्या भावानं बी मोजलंत्यात. त्याला बघ जा, सुईत दोरा ओवतोय. खरं सांगू का? तू मोजलं नसतंस तर मला झोप आली नसती रं. मी म्हणले असते, माझंच पाप."

मी तोंड मिटलं.

मग मी मोजायला लागलो. डावीकडचे. दगडी तेवढे, अर्धा दिसला तरी आख्खा. अठराव्यापाशी कुणी बसलेलं नव्हतं, रांगेची लोखंडी पट्टी होती आणि तिच्यावर कुणाचा तरी रुमाल वाळत होता. तरीही मी तिथं क्षणभर थांबलो, कुणी काही विचारतंय का म्हणून. मग एकोणीस म्हटलं.

"ओठ काय हलत्यात रं तुझं?"

"जप करतोय."

"तू? आनि जप?" ती एवढ्या मोठ्यानं हसली की पुढची बाई वळून बघायला लागली. मला बघायचं तर आक्काला पूर्ण तोंड माझ्याकडे वळवावं लागतं. तिनं वळवलं. माझे ओठ पुढचा आकडा म्हणत होते. तिचं हसू तिथंच राहिलं आणि डोळे माझ्या तोंडावर.

दर्शन झालं. देवीसमोर तिनं हात जोडले, माझं कोपर तिच्या काखेत तसंच होतं आणि मी मनात आकडा धरून ठेवला होता, निसटू नये म्हणून. देवीजवळ मी काहीच मागितलं नाही. प्रदक्षिणेत मागच्या बाजूचे खांब दिसावेत म्हणून मला डावीकडे सरकावं लागलं, एकदा चार पावलं मागेही यावं लागलं. आक्का का म्हणून न विचारता माझ्याबरोबर सरकली, मागे आली. शेवटचे दोन कोपऱ्यात आहेत. तिथं अंधार होता. मी ते हातानं चाचपून धरले.

माझा आकडा लहानपणी सांगितलेल्या आकड्याशी जुळला नाही. किती आला ते इथं लिहीत नाही. वाचणाऱ्यानं तो मनात म्हणावा असं मला वाटत नाही.

बाहेर आलो तर ऊन एकदम डोळ्यांवर आलं. मला क्षणभर काहीच दिसेना. अंधारातून उन्हात आल्यावर सगळ्यांचं तसं होतं. मी उभा राहिलो. दीपमाळ दिसायला लागेपर्यंत मी मनात सेकंद मोजले, अकरा झाले.

"झाला जप?" आक्कानं विचारलं.

"झाला."

"पुरा?"

"पुरा."

तिनं माझं कोपर सोडलं नाही. उलट दुसरा हातही त्याच्यावर ठेवला. आम्ही चपला ठेवल्या होत्या तिथपर्यंत तसेच चालत गेलो. तिच्या चपला मी तिच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या. वाकून अंगठा सरकवताना, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात माझी तपासणी हाय. तू बी चल. दोघांचा बी दाब मोजून घिऊ."