फटफटीचा भाव

हे मी आजवर कोणाला बोललो नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर त्याच फटफटीवर माझ्या मागे बसून अख्खा तालुका फिरली.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, तेव्हाची गोष्ट. मी मालवणात मास्तर होतो. बेळगावात एका दुकानात नव्या-जुन्या मोटारसायकली मिळायच्या. आंबोलीचा घाट चढून तिथे गेलो. एका जुन्या गाडीवर नजर बसली. मालकाने चौदाशे सांगितले, मी बाराशे म्हटलं. तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तेवढ्यात दुकानात कामाला असलेला एक माणूस माझ्याजवळ आला. वासुदेव, तारकर्लीचा. माझ्या बोलण्यावरूनच त्याने मुलूख ओळखला होता. मी मालवणात मास्तर आहे हे ऐकून किती खुलला होता तो! हळूच म्हणाला, "मास्तर, घाय करू नकात. ही गाडी चार म्हयने पडान आसा. बाराशेवर अडान बसा, मालक देतलो. फक्त माझा नाव घेव नकात."

मी मान डोलावली. अडून बसलोही. मालक तेराशेवर आला, मग साडेबाराशेवर. चहा मागवला. आणखी दहा मिनिटं गप्प राहिलो असतो तर काम झालंच असतं — हे मला तेव्हाही कळत होतं. मग मी पुढे जे केलं, ते का केलं?

खरं सांगू? मला बघायचं होतं. इतका वेळ खुशीत हसणारा हा मालक — त्याचं गुपित मला ठाऊक आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा कसा होईल? एवढंच. वासुदेव मागच्या खोलीत गेला होता. मी म्हटलं, "गाडी चार महिने पडून आहे, असं तुमचा वासुदेवच सांगतो की."

पाहिला चेहरा. हसू तसंच राहिलं, डोळे मात्र मागच्या दाराकडे गेले. "न्या बाराशेला," तो म्हणाला.

मालवणात माझ्या घासाघिशीचं फार कौतुक झालं. मीही रंगवून सांगायचो — वासुदेवला वगळून.

दीडेक वर्षाने तारकर्लीच्या वाटेवर फटफटी बंद पडली. लोक म्हणाले, वाडीत एकजण आहे, त्याला यंत्रातलं कळतं. नाव मी विचारलं नाही. विचारायची गरज होती का?

वासुदेव अंगणात काथ्याची दोरी वळत बसला होता. मला बघून धावत आला. प्लग काढून घासता घासता म्हणाला, गाडी विकली त्याच आठवड्यात, गिऱ्हाइकांना आतलं सांगतो म्हणून, मालकाने त्याला काढून टाकलं. मग मान वर करून विचारलं, "पण मालकाक सांगल्यान कोणी? माका वाटता, दुकानात येय तो निपाणीचो कंत्राटदारच असतलो. तेच्याशी माझा वाजला होता."

त्याला ठाऊक आहे का? मला अजमावतोय का? — मी टक लावून त्याच्याकडे पाहत राहिलो. चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता. मालकाचा चेहरा मी जसा न्याहाळला, तसाच हाही न्याहाळत होतो.

"असतलो," मी म्हटलं.

फटफटी सुरू झाली. त्याने काही घेतलं नाही. उलट त्याच्या आईने शहाळं फोडून दिलं, आणि मी ते प्यालो.

वासुदेव आता नाही. त्याचा भाऊ सांगत होता, शेवटपर्यंत त्या कंत्राटदाराच्या नावाने बोटं मोडायचा.

मालकाला सांगणारा मी होतो.