आईनं मागितलेलं ऑरेंज

आईचा रेडिएशनचा शेवटचा शेक होऊन आठ दिवस झाले होते. तिच्या गालाच्या आत कॅन्सरची गाठ होती. ती काढली आणि मग पुण्याच्या दवाखान्यात सहा आठवडे शेक दिले. बाहेरून गाल काळा पडला होता आणि आतून तोंड सोललं गेलं होतं. लग्न झाल्यापासून ती दातांना तंबाखूची मिश्री लावायची. आमच्याकडे बायका लावतातच. त्यावरून मी तिला एकदा बोलले होते, तेव्हा ती म्हणाली होती, "आता बोलून काय उपेग?" मग मी पुन्हा तो विषय काढला नाही.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "तोंडानं पोटात गेलं पाहिजे. वजन असंच उतरत राहिलं तर पुढच्या वेळी नाकातून नळी घालावी लागेल." आई ऑपरेशनला घाबरली नव्हती. पण शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नाकात तिने ती नळी पाहिली होती, आणि त्या शब्दानं तिचा चेहरा पडला.

तरीही ती काही घेईना. पेज, दूध, ताक, पातळ केलेली खिचडी, सगळ्याला एकच उत्तर, "माती लागतीय." एका दुपारी मी हात जोडले. म्हटलं, "आई, तुला काय प्यावंसं वाटतं ते तरी सांग." ती म्हणाली, "ऑरेंज."

मी ओतूरहून संत्री आणली आणि रस गाळून दिला. तिने मान हलवली. "ह्ये न्हाई. आपलं. कारखान्यातलं."

ओतूरच्या बाहेर पूर्वी थंड पेयाचा एक छोटा कारखाना होता. मी पहिलीत जायच्या आधीच तो बंद पडला. आईने तिथे अकरा वर्षं काम केलं होतं. काचेची बाटली, पत्र्याचं बूच, आत भडक केशरी पाणी. जुन्नर, आंबेगावच्या लग्नांत, यात्रांत, एसटी स्टँडवर तेच असायचं. मी ते कधी प्यायले नव्हते, प्यायले असले तरी आठवत नाही. पण मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मला वाटलं, निदान एवढं तरी मला जमलं पाहिजे.

ओतूरच्या बाजारपेठेत एक किराणा दुकान आहे. तिथल्या शेठजींच्या वडिलांकडे या ऑरेंजची एजन्सी होती. मी प्रॅक्टिकलच्या जर्नलची मागची पानं उघडून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"काय गं, सर्व्हे आहे का?" त्यांनी विचारलं.

मी कारण सांगितलं. ते गिऱ्हाईक थांबवून सांगायला लागले. "संत्र्याचा त्यात काही संबंध नव्हता, पोरी. नुसता इसेन्स. रंग असा की वरातीतली सगळी पोरं जीभ काढून एकमेकांना दाखवायची. गॅस मात्र फर्स्ट क्लास! एक घोट घेतला की सरळ नाकात." मी लिहून घेतलं, 'गॅस भरपूर.' त्यांनी बेकरीवाल्यांसाठी ठेवलेली इसेन्सची बाटली आणि लिंबूसत्त्वाची पुडी दिली. पैसे घेतले नाहीत. "आईला माझा नमस्कार सांग," म्हणाले.

जुन्नरला एका गल्लीत चाचांचं सोड्याचं दुकान आहे. त्यांनी तरुणपणी त्या कारखान्याची मशीन दुरुस्त केली होती. ते हसले. "सगळे नावं ठेवायचे आणि सगळे प्यायचे, असं होतं ते. साखर परवडत नव्हती म्हणून निम्मं साखरीन. प्यायल्यावर मागे कडू राहायचं. मी मालकाला म्हटलं, शेठ, हे कडू काढा. तर ते म्हणाले, नको राव, लोकांना सवय झाली आहे." त्यांनाही मी गॅसचं विचारलं. ते म्हणाले, "गॅस? बूच उडून छताला लागायचं!"

मी घरी पाक केला. वर्गात शिकले होते तसं एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. आधी रंग, मग आंबटपणा, मग साखरीन. दोनदा बिघडलं. तिसऱ्यांदा जमल्यासारखं वाटलं तेव्हा चाचांच्या मशीनवर त्यातून सहा बाटल्या भरून आणल्या. या सगळ्यात तीन आठवडे गेले; आई तोवर बळेबळे घेतलेल्या दोन-चार घोट दुधावर होती. कॉलेज सांभाळून मी हे करत होते, आणि खरं सांगायचं तर मला मनातून थोडा अभिमानही वाटत होता.

पहिली बाटली पप्पांनी उघडली. घोट घेतला, डोळे मिटले आणि ओरडलेच, "हेच! आगं हेच हाय!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, गॅसमुळे. माझ्या धाकट्या मावशीच्या लग्नात आपण एका बैठकीत पाच बाटल्या प्यायलो होतो, हे त्यांनी पुन्हा सांगितलं.

मी आईला पेल्यात ओतून दिलं. तिने घोट घेतला आणि तोंड आवळलं. सोललेल्या तोंडात गॅस झोंबला असणार. मला ते आधी कळायला हवं होतं. तिने ते कसंबसं गिळलं आणि पेला खाली ठेवला.

"ह्ये न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई कसं?" पप्पा म्हणाले. "मी काय इसरलोय व्हय?"

"ह्यात गॅस हाय."

"मंग असनारच की. सोडा हाय त्यो!"

"आमच्यात नव्हता."

पप्पा हसायला लागले. "आकरा वर्सं बाटल्या भरल्या आन् म्हनती गॅस नव्हता. शेकानं डोकं बी भाजलं काय गं तुजं?"

आईला बोलायला त्रास व्हायचा. दोन वाक्यं झाली की चमचाभर पाणी लागायचं. तरी तिने त्या दिवशी सांगितलं. भरलेली बाटली ट्यूबलाइटसमोर धरून आत काडी-कचरा आहे का बघायचं, हे तिचं काम होतं. जिच्यात काही दिसेल, जिचं तोंड टवकलेलं असेल, जिचं बूच नीट बसलं नसेल, ती बाजूला काढायची. कचरा असेल किंवा काच टवकली असेल तर फेकायचं. नुसतंच बूच बसलं नसेल, तर आतलं एका स्टीलच्या बादलीत ओतायचं. दिवसभर ती बादली तशीच उघडी. संध्याकाळी सुटी झाली की बायका बादलीभोवती बसायच्या आणि एकेक पेला वाटून घ्यायच्या. तोवर त्यातला गॅस केव्हाच गेलेला असायचा. ते कोमट झालेलं असायचं.

"बाटली मी कवा प्याले?" ती म्हणाली. "घरी आनल्या त्या पावन्यांना दिल्या. तुमाला दिल्या. लग्नात वाढायला मीच व्हते."

पप्पांच्या हातात अजून बाटली होती. ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना. "मला काय म्हाईत? कदी बोलली न्हाईस."

"इचारलं का कुनी?"

ती हे पप्पांना म्हणाली. पण मी तिथेच उभी होते. मी ओतूरला विचारलं होतं, जुन्नरला विचारलं होतं, जर्नलची अकरा पानं भरली होती. ज्यांनी ते बाटलीतून प्यायलं त्या सगळ्यांना विचारलं. जिच्यासाठी करत होते तिला एकदाही विचारलं नाही. तिला बोलायला त्रास होतो, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं होतं. पण तिला त्यातलं काही विशेष माहीत असेल असं मला वाटलंच नव्हतं, हेही खरं आहे. हे लिहिताना लाज वाटते.

मी उरलेल्या बाटल्या उघडून बादलीत ओतल्या. पळीने ढवळत राहिले. फेस बसला, बुडबुडे थांबले. मग बादली तासभर अंगणात उन्हाला ठेवली. पेला भरून आईला दिला.

तिने घोट तोंडात धरून ठेवला. मग हळूच गिळला. "हां," म्हणाली. पुन्हा एक घोट घेतला. "साखरीन थोडं वाढव."

"गोड लागतंय का?"

"गोड काय न्हाई लागत. मागचं कडू तेवढं लागतंय." आणि अर्धा पेला संपवला.

शेकानंतर तिच्या जिभेवर तेवढी एकच चव उरली होती. ज्या कडूपणाला लोक नावं ठेवायचे, तो.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यात दवाखान्यातली ताकदीची पावडर मिसळायला लागले. तिला ते कळत होतं, पण ती प्यायची. सकाळी एक पेला, दुपारी एक, संध्याकाळी एक. असे नऊ दिवस. पप्पा दररोज विचारायचे, "आज किती घेतलं?" आणि मी सांगितलेलं ऐकून गोठ्याकडे जायचे. नवव्या दिवशी तिने थोडी पेजही घेतली. आम्हाला वाटलं, सुटलो.

दहाव्या दिवशी पुण्याला तपासणी होती. वजनाचा काटा खालीच होता. तीन आठवड्यांत गेलेलं नऊ दिवसांत भरून आलं नव्हतं. डॉक्टरांनी नळीचा कागद पुढे केला. पप्पांनी सही केली. मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, "सर, हे तीन आठवडे आधी सुरू केलं असतं तर?"

ते चांगले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "तसं सांगता येत नाही." मी ते वाक्य कितीदा आठवलं असेल. त्यात हो पण नाही आणि नाही पण नाही.

नळी घालताना आई रडली नाही. तिने नर्सचा हात बाजूला केला, स्वतः सरळ बसली आणि मानेने सांगितलं, घाला.

आता सगळं नळीतूनच जातं. दूध, डाळीचं पाणी, पावडर. तोंड ओलं राहावं म्हणून दोन-तीन चमचे तोंडानं द्यायची परवानगी आहे. ते ऑरेंजचे देतो. मी कॉलेजला गेले की पप्पा देतात. ऑरेंज करायला त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं आहे, मोजमाप भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं आहे.

काल संध्याकाळी आईला चमचे देऊन झाल्यावर पप्पांनी एक पेला स्वतःसाठी भरला. उभ्यानेच प्यायले. कोमट, गॅस गेलेलं. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"लई कडू हाय गं," ते म्हणाले. "तुमी बाया रोज ह्ये प्यायचा?"

आईने मानेनंच हो म्हटलं. मग ती हळूच म्हणाली, "सुटी झाल्यावर प्यायचो, समद्या मिळून."

मी ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसले.