राळेची शेवटची सांध

“नावंची सगळी राळ काढून झालती का तिची?”

थोरल्या काकांनी दाराबाहेरून विचारलं. आत आम्ही आत्याला शेवटची आंघोळ घालत होतो. “एक सांद ऱ्हायली,” काकू म्हणाल्या आणि आत्याची बोटं राखेनं घासू लागल्या. बोटांची राळ निघाली नाही... तशीच गेली ती.

त्याला आता महिना होतो आहे. सरूआत्या, माझ्या वडिलांची बहीण, नदीच्या वाळूत काम करता करता ऊन लागून गेली. सोनपेठकडच्या आमच्या गावाला गोदावरीचा डोह ओलांडायला एकच नाव, आणि तिचा इजारा, म्हणजे ठेका, काकांकडे. दर उन्हाळ्यात नाव वाळूवर ओढून फळ्या सुट्या करायच्या, सांधींतली जुनी राळ काढायची, नवी भरायची. एकदा सुतारानं घाईनं पटाशी मारली आणि फळी उभी चिरली. तेव्हापासून जुनी राळ काढणं आत्याकडे आलं. खापरातले निखारे सांधीजवळ धरायचे, राळ मऊ पडली की गरम तेलाचा बोळा फिरवून बोथट खुरप्यानं उचलायची. बोटं भाजायची. विधवेचा हात जुनं काढायला चालत होता. नवी राळ भरताना मात्र तिनं वाळूवर पाऊल ठेवायचं नाही, आणि नाव पाण्यात सोडायच्या दिवशी तर तिला मागच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावत.

ती गरीब गाय मुळीच नव्हती. मी हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून सुटीला आले की सगळ्यांदेखत म्हणायची, “आली बगा मडम. तोंड उघडंना, इंग्रजी सांडंल म्हणून.” एकदा मी तिच्याजवळ जाऊन बसले, तर तिनं खुरप्यावरची कढत राळ माझ्या तळहातावर टेकवली. “लय चिकट असती. कातडं घिऊन निघती.” मी रडले नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली... पलीकडच्या काठावर तिची लेक होती. नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी मुलगी ठेवून घेतली आणि हिला याच नावेत बसवून माहेरी धाडलं. त्यानंतर नावेत पाय ठेवायची मनाई. “एक डाव पल्याड जायचंय गं. मंग बुडाले तरी चालंल.” तिनं काकांना विचारलंही होतं. काका जेवत होते. “सरू, तू नावंत बसलीस तर गिऱ्हाईक पवत जाईल.” सगळे हसले. तीही हसली आणि त्यांना भाकरी वाढली.

राहिलेली सांध काकांनी गड्याकडून पटाशीनं उकरून घेतली. काल नाव पाण्यात उतरायची होती. सकाळी पाहिलं तर मागच्या खोलीला काकूंनी सवयीनं कडी घातली होती. आत कुणी नव्हतं.

अस्थी मधल्या धारेत सोडायची आमच्याकडे रीत, आणि नाव सुटी पडलेली, म्हणून आत्याच्या अस्थींचं गाडगं इतके दिवस पिंपळाला बांधून ठेवलं होतं. ते सोडून मी घाटावर नेलं. लेकीला निरोप गेला होता. पलीकडे एक बाई केव्हाची उभी होती. काका म्हणाले, “हितंच सोड काठावरून. पयली फेरी हाय, नावंत हाडं नकोत.”

मी गाडगं उराशी धरून नावेत चढले. नव्या राळेचा वास येत होता, आणि त्या उकरलेल्या सांधीतून पाणी पाझरायला लागलं होतं. सगळा घाट माझ्याकडे बघत होता. चारचौघांत बोलायची मला सवय नाही.

“काका,” मी म्हणाले, “आत्या बसली आहे. नाव सोडा.”