कपाळावरची उजळ जागा

आमच्या घरचे, मुलींचे वडील, गेले, त्याला आठ महिने झाले होते. लकडगंजात लाकडाच्या वखारीवर ते कामाला होते. ते असतानाच मी वस्तीतल्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागले होते. माझी शाळा चौथीपर्यंतच झालेली, म्हणून शिकवणं माझ्याकडे नव्हतं. खोली झाडायची, पोरांना घराघरातून गोळा करून आणायचं, नाकं पुसायची आणि दुपारी उसळ नाहीतर खिचडी करून वाढायची, एवढं माझं काम. ते गेल्यावर मी आणि दोन्ही मुली त्या कामावरच जगू लागलो.

मला ते काम आवडायचं, कारण तिथे मोठ्या माणसांशी फार बोलावं लागत नसे. लहान पोरांशी मी भरपूर बोलायची. त्यांच्या आया आल्या की चुलीपाशी जाऊन बसायची.

लग्न झाल्यापासून चोवीस वर्षं मी कपाळाला आधी मेण आणि त्यावर कुंकू लावत आले होते. चांगलं मोठं, ठसठशीत. सकाळी लाकडाच्या वखारीवर निघताना ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "आजबी वाकडं लागलं वं." ते खरंच वाकडं असायचं की उगीच म्हणायचे, हे मी कधी आरशात जाऊन पाहिलं नाही. कामावर जाणं-येणं उन्हातलं. तोंड रापलं, गालांवर वांग आले, चाळिशी उलटली तशा डोळ्यांखाली सुरकुत्या पडल्या. कुंकवाखालचं कातडं मात्र त्या सगळ्या वर्षांत उन्हाला कधी दिसलंच नव्हतं. बायांनी माझं कुंकू पुसलं त्यानंतर पुष्कळ दिवसांनी मी आरसा घेतला, तर कपाळाच्या मधोमध एक पांढरट गोल होता.

तो कोणाला दिसू नये म्हणून मी पदर भुवयांपर्यंत ओढून घेऊ लागले. लोकांना वाटलं, दुःखाने घेते. मी तसंच वाटू दिलं.

चैत्रातली गोष्ट. मी खाली वाकून पोरांना उसळ वाढत होते. हातात एकीकडे पातेलं, एकीकडे पळी, आणि पदर मागे घसरला. दारात एका मुलीची आई उभी होती, मुलीला न्यायला आलेली. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग पोरीच्या ताटलीकडे पाहिलं. पोरीला तशीच, खरकट्या हाताने उठवून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी घरून डबा घेऊन आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी पाच पोरं डबे घेऊन आली.

बालवाडीच्या बाईंनी मला बाजूला बोलावलं. त्या वयाने माझ्याहून लहान, पण शिकलेल्या, आणि मनाने चांगल्या.

"मावशी, राग मानू नका. आया म्हणतात, तुम्हाला कोड आहे. तुमच्या हातचं पोरांना नको म्हणतात."

मी पदर पुन्हा भुवयांपर्यंत ओढून घेतला.

"शनिवारी आयांची सभा आहे. तिथे हा विषय निघणार. त्यांनी लिहून दिलं तर बालवाडीची समिती स्वयंपाकाला दुसरी बाई ठेवेल. माझं काही चालणार नाही. तुम्ही डॉक्टरला दाखवलंत का?"

"नाही," एवढंच मी म्हटलं.

ती कुंकवाची जागा आहे, हे मी तेव्हाच सांगू शकले असते. पण मला स्वतःलाच भरवसा राहिला नव्हता. रात्रंदिवस एकाच गोष्टीकडे बघत राहिलं की ती वाढतेय असं वाटू लागतं. कोड असलं तरी ते हाताने दुसऱ्याला लागत नाही, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा ते ना मला ठाऊक होतं, ना त्या आयांना.

माझी नणंद पलीकडच्या गल्लीत राहायची. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि माझ्या वाटणीचंही बोलणं तीच बोलायची. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात रडतेस काहून वं वैनी? जरीपटक्याच्या बाजारात एक बाई दुकान चालवते. फॉरेनचा माल ठेवते. तोंडाचा कोणताबी डाग झाकून टाकते म्हणतात."

"मी तोंडाला लावू? लोक काय म्हणतील?"

"लोक डाग नाही तर क्रीम, दोन्हीपैकी एकाले बोलणारच हायेत. आणि मी सांगतो ना, मले पाहिजे म्हणून. तू फक्त मांगं उभी राहा."

मंगळवारी आम्ही गेलो. दुकान अरुंद होतं, काचेच्या कपाटांनी भरलेलं. दुकानदारीण साठीच्या आसपासची सिंधी बाई, पांढरे केस, हातात सोन्याच्या बांगड्या. नणंदेने सांगितलं, "मले डाग झाकाचं काही द्या."

"किसको? आपको?" ती नणंदेच्या तोंडाकडे बघत म्हणाली. "आपको कहाँ है दाग?"

"पाठीवर हाय."

"पीठ पे फाउंडेशन लगाओगी?"

नणंद हटली नाही. "आमच्या घरी पाठीलेबी लावतात."

ती बाई हसली नाही. तिने माझ्याकडे, माझ्या भुवयांपर्यंत आलेल्या पदराकडे एकदा पाहिलं आणि कपाटातून तीन ट्यूबा काढल्या. आपल्या हिंदीत तिने सगळं समजावून सांगितलं. चाळिशीनंतर पावडर लावायची नाही, ती सुरकुत्यांत जाऊन बसते आणि बाई आहे त्याहून म्हातारी दिसते. त्यापेक्षा हे क्रीमसारखं फाउंडेशन लावायचं. थोडंसंच, बोटाने थोपटून. याने तोंडाला तेज येतं, आणि यात उन्हाची दवा घातलेली आहे, कातडं आणखी रापत नाही.

"तेज कोणाले पाहिजे?" नणंद म्हणाली. "डाग झाकला म्हणजे झालं."

"तो रंग मिलाना पड़ेगा. चेहरा दिखाओ."

हे ती मला म्हणाली होती. मी पदर आणखी घट्ट धरला. दुकानात दुसऱ्या दोन बाया होत्या, आणि त्या आमच्याकडेच बघत होत्या. नणंद म्हणाली, "तोंड राहू द्या. आमचा हाताचा न् तोंडाचा रंग एकच हाय. वैनी, हात दे."

मी पदराखालून मनगट पुढे केलं. दुकानदारणीने तिन्ही ट्यूबांतली एकेक रेघ माझ्या मनगटावर ओढली आणि बोटाने पसरवली. मधली रेघ कातड्यात अशी मिळून गेली की कुठे लावली होती तेही कळेना. आम्हा दोघींना फार बरं वाटलं. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत त्याच मनगटावर चोवीस वर्षं डझनभर बांगड्या होत्या, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

बुधवारी सकाळी घरातल्या अंधाऱ्या खोलीत मी ते कपाळाला लावलं आणि कितीतरी दिवसांनी पदर जरा मागे घेऊन निघाले. बालवाडीच्या अंगणात ऊन होतं. पोरं रांगेत बसली होती. एक चार वर्षांचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या डोक्यावर लाईट लागला."

सगळी पोरं हसली. मी हौदाच्या पाण्यात वाकून पाहिलं. रापलेल्या तोंडावर तो गोल आधीपेक्षा पांढरा, आणि वरून चकचकीत दिसत होता. मी तिथेच कपाळ धुतलं. पण तोवर दोन आयांनी पाहिलं होतं. आता त्यांना वाटलं असणार, ही काहीतरी लपवून राहिली आहे, म्हणजे नक्कीच तसलं काही आहे.

गुरुवारी नणंदेच्या घरी पाहुणे होते. शनिवार दोन दिवसांवर आला होता. मी एकटीच निघाले. बसमध्ये मनातल्या मनात चार वाक्यं ठरवली आणि दुकानाच्या पायरीवर चढेपर्यंत चारही विसरले. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी ट्यूब काउंटरवर ठेवली आणि काही न बोलता पदर मागे घेतला.

ती काउंटरच्या मागून बाहेर आली. माझी हनुवटी धरून तिने मला दाराच्या उजेडात नेलं. कितीतरी वेळ बघत राहिली. बाहेरून माणसं जात होती आणि मी डोळे मिटून उभी होते.

"किसने कहा सफेद दाग है?" ती म्हणाली. मग तिने आपल्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या कोपराकडे वर सरकवल्या आणि मनगट माझ्यासमोर धरलं. बांगड्यांच्या जागी गोरा पट्टा होता, वरचा-खालचा हात सावळा. "ये भी दाग है क्या? धूप नहीं लगी, और क्या."

मी माझं मनगट पाहिलं. तिथेही तसाच पट्टा होता. परवा रंग मिळवला होता तो त्या पट्ट्याशी.

तिने ती ट्यूब परत घेतली आणि गडद रंगाची दुसरी दिली. तिचं म्हणणं असं होतं की, ही लावली तर जागा झाकून जाईल, शनिवारी कोणाला काही दिसणार नाही. पण यातली उन्हाची दवा खालच्या कातड्याला ऊन लागू देणार नाही, म्हणून रोज लावावी लागेल आणि ती जागा आहे तशीच राहील. पदर ओढला तरी तेच. "नहीं तो गालों पे लगाओ, और इसको छोड़ दो. धूप खाएगा तो अपने आप मिल जाएगा. साल लगे, दो लगे."

"शनिवार तर परवा हाय," मी म्हटलं. दुकानात मी बोललेलं तेवढं एकच वाक्य.

"तो लगा लो," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी मी खिडकीजवळ आरसा ठेवला आणि तिने सांगितलं तसं थोडं थोडं थोपटून लावलं. या वेळी रंग चुकला नाही. तो गोल गेला. कपाळ एकसारखं झालं, वांगही फिके वाटले, तोंडावर खरंच तेज आलं. मी आरशात बघत बसले. ते एक चांगलं, नीटनेटकं कपाळ होतं, पण त्यावर कधी कोणी काही लावलं असेल असं वाटत नव्हतं. एवढी वर्षं रोज सकाळी ज्या जागेकडे बघून ते बोलायचे, ती जागाच तिथे नव्हती. कुंकू लोकांनी पुसलं होतं, त्याला माझा इलाज नव्हता. हे मी माझ्या हाताने करत होते.

धाकटी मुलगी म्हणाली, "आई, छान दिसून राहिली तू." तिचं खरं होतं. मी उठून साबणाने कपाळ धुतलं. गालांवरचं राहू दिलं.

सभेला वीस-बावीस आया होत्या. सतरंजीवर बसल्या होत्या, आणि मी नेहमीप्रमाणे चुलीपाशी. बाईंनी आधी लस आणि पाटीचं सांगून घेतलं. मग ती मुलीची आई बोलली. "माह्या पोरीले घरून डबा आणाची पाळी काहून आली, ते बोला ना बाई."

बाई माझ्याकडे बघू लागल्या. मी उठले. भिंतीला टेकले. पदर मागे टाकला.

"हे कोड नाही," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मागून कोणीतरी म्हणालं, "जोरानं बोल वं मावशी."

"हे कोड नाही. कुंकवाची जागा हाय. ऊन नाही लागलं तिथं." मग पुढचं काही सुचेना, म्हणून मी दोन्ही मनगटं पुढे केली. "हे बांगड्यांचं. तुमच्याबी हाताले असन. बांगड्या वर करून पाहा."

कोणी हललं नाही. मला वाटलं, संपलं. मग एका म्हाताऱ्या बाईने, नातवाला घेऊन आलेल्या, आपल्या बांगड्या सरकवल्या आणि म्हणाली, "हाय बा, माह्या हाताले तर चांगला पट्टा हाय." मग दुसरीने सरकवल्या. मग खोलीभर बांगड्यांचा आवाज झाला. बाया एकमेकींचे हात ओढून बघू लागल्या. "तुह्या तर माह्याहून गोरा हाय." "मंग मी मुळात गोरीच होतो, सासऱ्याच्या वावरानं काळी केली." हशा झाला. कपाळाचं मात्र कोणी बोललं नाही. आपल्या कुंकवाखाली काय असेल, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला त्या वेळी कळलं असेल, पण ते पाहायची इच्छा कोणाची असणार.

ती मुलीची आई बांगड्या खाली करत म्हणाली, "आधीच सांगितलं असतं तं एवढं झालं असतं का?"

"बोलताच येत नाही मले," मी म्हटलं.

"आता तं बोलली ना," ती म्हणाली. माफी वगैरे तिने मागितली नाही. सोमवारी तिची मुलगी डब्याशिवाय आली. दोघीतिघींनी पुढेही महिनाभर डबे पाठवले, मग तेही थांबलं.

त्यानंतर मी पदर खांद्यावरच ठेवू लागले. लोक बघायचे, काही विचारायचेही, आणि मी सांगायची. पहिल्यांदा जड गेलं, मग सवय झाली. ती ट्यूब सहा महिने पुरली. गालांना लावायची, कपाळ सोडून द्यायची. नणंद म्हणायची, "एवढी महाग चीज, न् जिथं लावाची तिथंच लावत नाही."

दुकानदारणीने सांगितलं होतं तसंच झालं. दोन उन्हाळ्यांत ती जागा बाकीच्या कपाळात मिळत गेली. मधूनमधून मी आरसा उजेडात नेऊन बघायची, आणि दरवेळी कड जरा पुसट झालेली असायची. मग थोरल्या मुलीचं लग्न निघालं, त्या गडबडीत कितीतरी दिवस बघायचं राहिलं. पुढे एकदा आठवण झाली तेव्हा आरसा घेतला, तर कुठे होती तेच सापडलं नाही. मी बोटाने चाचपून पाहिलं. बोटाला काय कळणार, सगळं कातडं सारखंच लागलं. पण नोकरी राहिली, आणि मुलीही त्याच नोकरीवर मोठ्या झाल्या. झाकून ठेवली असती तर ती जागा अजून तिथे असती, हा विचार मनात येतोच. तरी मी जे केलं त्याहून वेगळं मला करता आलं असतं, असं वाटत नाही.